विहिरीचा ठेका

विहीर खोदणाऱ्या ठेकेदाराशी व्यवहार होतो तो खोदाईचा, पाण्याचा नव्हे. व्यास किती, खोली किती, कोणत्या थराला काय दर आणि काम किती दिवसांत, एवढेच ठेकेदार बांधून देऊ शकतो. पाणी लागेल की नाही आणि लागलेले पाणी वैशाखात टिकेल की नाही, ही जोखीम जमीनमालकाची असते. विहिरीवरून होणारी बरीच भांडणे या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे होतात. पाण्याचा अंदाज आणि खोदाईचा सौदा वेगळे ठेवले, तर जे मोजता येते ते आधीच कागदावर आणता येते आणि जे मोजता येत नाही त्याची तयारी मनाने आणि पैशाने करता येते.

जमिनीखालची उतरंड

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत आणि थिजत गेले, त्यातून हा खडक बनला. प्रत्येक थराचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र राहिला आणि आतला भाग घट्ट झाला. विहीर खोदताना हीच उतरंड क्रमाने दिसते. वर माती, मग मुरूम, त्याखाली फुटायला सोपा असा मांजऱ्या खडक, मध्येच कुठे दोन थरांमधला तांबड्या गेरूचा पट्टा आणि शेवटी काळा पाषाण.

अखंड पाषाणात पाणी मुरत नाही. ते असते मुरमात, झिजलेल्या खडकात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. त्यामुळे एका बांधावरच्या विहिरीला बारमाही झरा आणि शंभर पावलांवरची विहीर कोरडी, हे या भागात नेहमीचे आहे. विहीर जितकी खोल तितके पाणी जास्त, हा समजही बेसाल्टमध्ये टिकत नाही. भेगा वरच्या भागात असतील, तर खालचे वीस फूट कठीण पाषाण फोडून मिळते ती फक्त साठवणुकीची जागा.

राज्यात सगळीकडे हीच उतरंड नाही. कोकणात आणि शेजारच्या गोव्यात जांभ्यातून पाणी भराभर झिरपते. तिथल्या विहिरी पावसाळ्यात काठोकाठ भरतात आणि उन्हाळ्यात झपाट्याने उतरतात. तापी आणि पूर्णा नद्यांच्या खोऱ्यांत गाळाचे जाड थर आहेत. तिथे काठ ढासळण्याची भीती मोठी असते. त्यातही अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात पाणी लागूनही ते खारे निघते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली या बाजूला ग्रॅनाइट आणि नाइससारखे जुने खडक भेटतात. म्हणून दुसऱ्या भागातून आलेल्या ठेकेदाराचा अनुभव कितीही मोठा असला, तरी त्याच पंचक्रोशीत त्याने खोदलेल्या विहिरी पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

जागा कोण ठरवणार

गावोगाव जागा दाखवायला पाणाड्या बोलावला जातो. हातातली दुबेळकी काडी वळली किंवा तळहातावरचा नारळ उभा राहिला की पाणी सापडले, असे मानतात. झाडे, वारुळे आणि मातीचा रंग यांवरून पाणी ओळखण्याची परंपरा जुनी आहे. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातल्या ‘बृहत्संहिते’त त्यावर ‘दकार्गल’ नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. वनस्पती आणि ओलावा यांच्या नात्याला काही आधार आहे. काडी वळण्याला किंवा नारळ उभा राहण्याला तसा शास्त्रीय पुरावा नाही. अनुभवी पाणाड्याला नाला कुठे वळतो, कोणाची विहीर कधी आटते, हे ठाऊक असते. त्याचे अंदाज बरोबर येतात ते बहुधा या माहितीमुळे.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची कार्यालये जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत, आणि खासगी भूवैज्ञानिकही सर्वेक्षण करून देतात. विद्युत रोधकता पद्धतीत जमिनीत खुंट्या ठोकून वीजप्रवाह सोडतात आणि वेगवेगळ्या खोलीवरचा खडक त्याला किती अडवतो, हे मोजतात. ओला, झिजलेला खडक कमी अडवतो आणि कोरडा पाषाण जास्त. या आकड्यांवरून थरांचा अंदाज बांधता येतो, पाण्याची हमी मिळत नाही. त्याच्या जोडीला शेजारच्या पाच-सहा विहिरींची पाहणी करावी. त्यांची खोली किती, पाषाण कितव्या फुटाला लागला, झरे कोणत्या बाजूने आहेत आणि मे महिन्यात पाणी किती राहते, या चार प्रश्नांची उत्तरे कोणत्याही यंत्राइतकीच मोलाची असतात. जागा दाखवणारा आणि खोदणारा एकच असला की खोदणाऱ्याला प्रत्येक जागा चांगलीच दिसते. म्हणून ही दोन कामे दोघांकडे असावीत.

विहीर पिण्याच्या पाण्यासाठी असेल, तर शौचालयाचा शोषखड्डा, उकिरडा आणि गोठा तिच्यापासून निदान पन्नास फूट दूर हवा, आणि शक्यतो उताराच्या खालच्या बाजूला.

परवानगी आणि संमती

महाराष्ट्रात सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नाही. ही तरतूद १९९३च्या भूजल कायद्यापासून चालत आली आहे. २००९चा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २०१४पासून लागू झाला. त्यात ६० मीटर, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा खोल विहिरींना शेती आणि उद्योगासाठी मनाई आहे, आणि खोदाईची यंत्रे चालवणाऱ्यांनी नोंदणी करावी असेही सांगितले आहे. गोव्यात २००२च्या भूजल नियमन कायद्यानुसार विहिरीसाठी परवाना लागतो.

जमीन सामाईक असेल, तर सातबाऱ्यावरच्या सर्व हिस्सेदारांची लेखी संमती खोदाईच्या आधीच घ्यावी. पाणी लागल्यावर पाळ्या ठरवणे अवघड जाते. अनुदानातून विहीर घ्यायची असेल, तर व्यास आणि खोलीचे निकष योजनेनेच ठरवलेले असतात. अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आणि अनुसूचित जमातींसाठी बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना या त्यातल्या ठळक. अशा कामात मोजमाप झाल्यावर टप्प्याटप्प्याने पैसे येतात. म्हणून मंजुरीचा आदेश हाती आल्याखेरीज कुदळ मारू नये आणि ठेकेदाराचे हप्ते त्याच टप्प्यांना जोडून घ्यावेत.

विहीर की बोअर

बोअरचे काम वेगळ्या घाटणीचे असते. गाडी येते, एका रात्रीत दोनशे फूट भोक पाडते आणि बिल घेऊन निघून जाते. देशभर फिरणाऱ्या अशा अनेक गाड्या तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडे भागातल्या असतात. दर फुटावर असतो आणि खोलीच्या टप्प्यागणिक वाढत जातो. वरच्या ढिसूळ थरात घालायच्या केसिंग पाइपाचे पैसे वेगळे लागतात. ‘दोनशे फुटांचे एवढे’ असा एकच आकडा ऐकून होकार देणाऱ्याला केसिंगचे बिल नंतर कळते. भोक कोरडे निघाले तरी पैसे द्यावेच लागतात. कोरडे बोअर उघडे टाकणे मात्र जीवघेणे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये त्याबद्दल निर्देश दिले आहेत. खोदाईची पूर्वसूचना द्यायची, फलक आणि कुंपण लावायचे, केसिंगला झाकण बसवायचे आणि सोडून दिलेले बोअर तळापासून भरून काढायचे.

बोअर भेग गाठते, पण पाणी साठवत नाही. रुंद विहीर रात्रभर पाझरलेले पाणी साठवते आणि सकाळी वीज आली की ते उपसता येते. बेसाल्टमधले झरे मंद असतात, त्यामुळे बागायतीसाठी विहीर अजून टिकून आहे.

व्यास, खोली आणि ब्रास

विहिरीचा खर्च ठरतो तो बाहेर काढाव्या लागणाऱ्या दगड-मातीवर, आणि तिचे माप ब्रासमध्ये होते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. २० फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट खोलीला ३१४ घनफूट, म्हणजे ३.१४ ब्रास माल निघतो. ४० फुटांपर्यंत गेल्यास तो सुमारे १२६ ब्रास होतो. व्यास २५ फूट केला, तर तेवढ्याच खोलीला १९६ ब्रास निघतो. पाच फूट रुंदी वाढली की खोदाई ५६ टक्क्यांनी वाढते. रुंदीमुळे साठवण वाढते, झरे मात्र फारसे वाढत नाहीत.

फुटावर ठेका दिला की आणखी एक गोष्ट घडू शकते. विहीर खाली जाताना नरसाळ्यासारखी निमुळती होत जाते. वर २० फूट असलेला व्यास तळाशी १६ फूट झाला, तर तिथल्या प्रत्येक फुटाला ३१४ऐवजी २०१ घनफूटच माल निघतो. काम एक तृतीयांशाहून अधिक कमी झाले, तरी फुटाचा दर तोच राहतो. म्हणून टेप खोलीबरोबर व्यासालाही लावावा, तोही तळाशी आणि दोन आडव्या दिशांना.

ब्रासवर ठेका असेल, तर माप खड्ड्याचे की ढिगाचे, हा कळीचा प्रश्न ठरतो. फोडलेला दगड पोकळ रचला जातो आणि खड्ड्यातल्या मापाच्या साधारण दीडपट जागा व्यापतो. वर पडलेल्या ढिगाचे माप धरले, तर मालक न खोदलेल्या खडकाचे पैसे देतो. माप नेहमी खड्ड्याचे धरावे आणि तेही ठरलेल्या व्यासाचे. सुरुंगाने बाजूचा जास्तीचा दगड निघाला, तर तो हिशेबात येत नाही, हे आधीच बोलून घ्यावे.

ठेक्याच्या तऱ्हा

पूर्वी खोली परसात मोजत. एक परस म्हणजे साधारण पुरुषभर उंची. काही भागांत अजूनही ‘सहा परस विहीर’ असेच बोलतात. अशा ठिकाणी एक परस म्हणजे किती फूट, हे करारात लिहून घ्यावे.

उक्ता ठेका म्हणजे पूर्ण विहिरीची एकच रक्कम. मालकाला आकडा आधी कळतो. पण पाषाण अपेक्षेपेक्षा लवकर लागला की ठेकेदाराचा हिशेब कोलमडतो, आणि तो एक तर दर वाढवून मागतो किंवा काम टाकून जातो. फुटावरच्या सरसकट दरातही हेच होते. वरच्या मुरमात नफा काढून झाला की खालच्या पाषाणासाठी ठेकेदाराची टोळी परत येत नाही.

थरागणिक दर ही त्यातल्या त्यात न्याय्य पद्धत आहे. माती-मुरमाचा एक, मांजऱ्याचा दुसरा आणि पाषाणाचा तिसरा दर असतो. इथे वाद होतो तो थर ओळखण्यावरून, आणि त्याची कसोटी साधी ठेवता येते. पोकलेनच्या बकेटने जे निघते ते मऊ, ब्रेकर लावावा लागला ते मध्यम आणि होल मारून सुरुंग लावल्याशिवाय फुटत नाही ते कठीण. थर बदलेल त्या दिवशी दोघांनी मिळून खोली मोजायची, वहीत तारीख, थर आणि फूट लिहायचे आणि खाली दोन्ही सह्या. ही चार ओळींची नोंद शेवटच्या हिशेबात कोणाचीच बाजू घेत नाही, म्हणून दोघांनाही परवडते.

चौथी तऱ्हा म्हणजे यंत्र तासावर आणि मजूर हजेरीवर. मालकाला रोज कामावर उभे राहायला वेळ असेल, तरच ती परवडते.

कागदावर काय असावे

साध्या मुद्रांकावर केलेला करारही पुरतो, पण त्यात पुढच्या गोष्टी नेमक्या हव्यात. तळापर्यंतचा व्यास, किमान आणि कमाल खोली, थरागणिक दर, माप घेण्याची पद्धत आणि काम संपवण्याची मुदत. डिझेल, वीज, स्फोटके आणि दगड वर ओढणाऱ्या यारीचे भाडे कोणाकडे. टोळीच्या राहण्याची आणि पिण्याच्या पाण्याची सोय कोणाची. निघालेला मुरूम आणि दगड कोणाचा आणि तो कुठे टाकायचा. दगड बांधकामाला लागतो आणि मुरूम रस्त्याला, म्हणून तो मालकाकडेच राहील असे लिहावे. तो बाहेर विकायचा असेल, तर गौण खनिजाबद्दल तहसील कार्यालयात आधी विचारावे.

सर्वांत जास्त वाद उपशावरून होतात. झरा लागला की मालकाला आनंद होतो आणि टोळीचे काम अडते. रोज सकाळी पाणी उपसल्याशिवाय खाली उतरता येत नाही. मोटर कोणाची, वीज कोणाची आणि पाण्यातल्या खोदाईला वाढीव दर किती, हे पाणी लागण्याआधी ठरले नाही, तर टोळी ‘पाणी लागले, काम झाले’ म्हणून थांबते आणि विहीर झऱ्याच्या जेमतेम खाली राहते. कराराप्रमाणे खोली पुरी होणे हीच कामाची पूर्तता, पाणी लागणे नव्हे, असे स्पष्ट शब्दांत लिहावे. उलट बाजूही लिहावी. ठरलेल्या खोलीच्या आधीच काम थांबवण्याचा अधिकार मालकाला असेल आणि त्याने झालेल्या कामाचेच पैसे द्यायचे.

टोळी काम सुरू करताना उचल मागते. ती थोडी असावी आणि पहिल्या मोजमापातच वळती व्हावी. पुढचे पैसे मोजलेल्या खोलीवर द्यावेत, आणि शेवटची दहा टक्क्यांच्या आसपासची रक्कम काठ साफ होऊन अखेरचे माप होईपर्यंत राखावी. झाल्या कामाचे पैसे मात्र अडवू नयेत. ठेकेदारालाही आठवड्याच्या बाजाराला मजुरांच्या हातावर पैसे ठेवायचे असतात.

खोदाई आणि सुरुंग

खोदाईचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि मृगाच्या आत संपावा लागतो. डिसेंबरात लागलेले पाणी फसवे असते, कारण तेव्हा भूजलाची पातळी वर असते. वरचे काम हिवाळ्यात आणि तळाचे शेवटचे फूट एप्रिल-मेमध्ये, असा बेत केला, तर उन्हाळ्यातल्या पातळीच्या खाली तळ नेता येतो.

वरचा थर पोकलेन काढते. तिचा हात पुरेनासा झाला की काठावर यारी बसते. पोलादी दोर, मोठी बादली आणि इंजिन. खाली कॉम्प्रेसरच्या जॅकहॅमरने होल मारतात, त्यात स्फोटके भरून तोंड मातीने ठासतात, सगळे वर येतात आणि सुरुंग उडवतात. धूर गेल्यावर फुटलेला दगड बादल्यांनी वर येतो. वडार आणि बेलदार समाजातल्या अनेक कुटुंबांनी हे कौशल्य पिढ्यान् पिढ्या जपले आहे.

स्फोटके बाळगणे, नेणे आणि वापरणे यांना १८८४चा स्फोटके अधिनियम आणि २००८चे नियम लागू आहेत. त्यांचा अंमल पाहणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे. सुरुंग परवानाधारकानेच उडवावा, परवान्याची प्रत करारासोबत घ्यावी आणि जिलेटिनच्या कांड्या मालकाच्या घरात किंवा गोठ्यात एक रात्रही ठेवू देऊ नयेत. न उडालेला सुरुंग हा सर्वांत मोठा धोका असतो. जुन्या होलच्या तळात पुन्हा जॅकहॅमर लावणे अनेकांच्या जिवावर बेतले आहे. घर किंवा शेजारची विहीर जवळ असेल, तर सुरुंगाऐवजी ब्रेकर वापरावा, मग खर्च वाढला तरी चालेल.

जिवाची काळजी

विहिरीवरचे अपघात चार प्रकारचे असतात. काठ ढासळणे, दोर तुटून बादली पडणे, सुरुंग आणि विषारी वायू. निघालेला मलबा काठापासून निदान दहा-पंधरा फूट दूर टाकावा. काठावरचे ओझे आणि अवकाळी पाऊस एकत्र आले की मुरूम सुटतो. दोर रोज तपासावा. बादली वर जात असताना खालचा मजूर तिच्या खाली उभा राहता कामा नये, आणि बादलीतून माणसांची ने-आण करू नये. डिझेल इंजिन विहिरीत उतरवू नये, कारण त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड तळाशी कोंडतो. जळता दिवा खाली सोडून पाहण्याची जुनी रीत प्राणवायूची कमतरता दाखवते, पण हा वायू ओळखू शकत नाही. मजुरांचा विमा ठेकेदाराने काढावा आणि त्याची पावती मालकाने पाहावी. अपघात झाल्यावर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मालकापर्यंत येतोच.

बांधकाम आणि कठडा

माती-मुरमाचा भाग पाषाण लागेपर्यंत बांधून काढावा लागतो. त्यासाठी दगडी बांधकाम किंवा काँक्रीटची रिंग करतात. बांधकाम पक्क्या खडकाच्या पायरीवर बसवावे, मुरमावर नव्हे. भिंतीत पाझराला वाट राहील अशी छिद्रे ठेवून मागे खडी भरतात, नाहीतर मागचे पाणी भिंतीला ढकलते. खोदाई आणि बांधकाम हे बहुधा दोन वेगळे ठेके असतात. दोन्हींच्या मध्ये पावसाळा आला, तर पहिल्याच पावसात वरचा भाग आत येतो.

जमिनीच्या वर निदान तीन फुटांचा कठडा हवा. जुन्नर आणि नाशिक भागात बिबटे उघड्या विहिरींत पडतात, आणि गुरे, मुले तर सगळीकडेच. अर्धवट सोडलेल्या विहिरीलाही कुंपण घालावे किंवा ती बुजवावी.

पाणी मोजणे

विहीर पुरी झाल्यावर भर उन्हाळ्यात उपसा चाचणी घ्यावी. पाणी तळापर्यंत उपसायचे, मोटर बंद करायची आणि ठरावीक तासांनी पातळी किती वर आली ते मोजायचे. २० फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर. बारा तासांत तीन फूट पाणी आले, तर ते २६,७०० लिटर झाले, म्हणजे तासाला सव्वादोन हजार लिटर. एका एकरावर एक इंच पाणी द्यायला सुमारे १ लाख ३ हजार लिटर लागतात. दिवसभराचा पाझर सारखाच राहिला, तरी या विहिरीला एवढे पाणी जमायला जवळपास दोन दिवस लागतील. तिच्यावर पाटाने ऊस भिजणार नाही, ठिबकवर थोडी भाजी किंवा फळबाग मात्र निभेल. मोटर किती अश्वशक्तीची घ्यायची, हेही याच आकड्यावरून ठरवावे. पाझर मंद असताना मोठी मोटर घेतल्यास ती काही मिनिटांत कोरडी चालू लागते.

पाझर कमी वाटला, तर तळ आणखी खोल नेण्याआधी झऱ्यांच्या पातळीवर आडवे बोअर मारून पाहतात. शेजारची उभी भेग त्यात गवसली, तर आवक वाढते. हेही काम फुटावर असते आणि तेही कोरडे निघू शकते. पाणी पिण्यासाठी असेल, तर प्रयोगशाळेत तपासून घ्यावे.

शेवटी गावच्या महसूल कार्यालयात अर्ज करून विहिरीची नोंद सातबाऱ्यावर करून घ्यावी. कृषिपंपाची वीजजोडणी, सौरपंप, पीककर्ज आणि पुढे वाटणी या सगळ्यांत ही नोंद विचारली जाते. तिच्यासोबत करार, मोजमापाची वही आणि चाचणीचे आकडे जपून ठेवावेत. पुढे कधी विहीर खोल करायची झाली, तर पाषाण कितव्या फुटाला लागला आणि झरा कोणत्या बाजूने आला, हे नव्या ठेकेदाराला त्या वहीवरूनच सांगता येते.